मुंबईत व्यावसायिक परिषद भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापारी संघटनांची अधिवेशनं, डीलर मीट, लघुउद्योजकांच्या परिषदा भरवणं हे माझं काम. त्यामुळे खालचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्याच कार्यक्रमात चहाच्या रांगेत येत राहतात. दीडशे ते पाचशे माणसं, एक दिवस, बंद हॉल असा कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. एक मत आधीच सांगून टाकतो: मुंबईत परिषद जमते की फसते, हे भाषणांपेक्षा येण्याजाण्यावर आणि घड्याळावर ठरतं. पुढची निम्मी उत्तरं त्या मतातूनच आली आहेत.

१. पहिल्यांदाच परिषद घेतोय. आधी हॉल बघायचा की वक्ते?

दोन्ही नाही. आधी कोण येणार आणि ते कुठून येणार, हे कागदावर लिहा. "महाराष्ट्रातले सर्व उद्योजक" असं लिहून काही उपयोग नाही. "अंबरनाथ, भिवंडी आणि वसईतले, वीस-पंचवीस कामगारांचे कारखाने चालवणारे मालक" असं लिहिलंत की तारीख, वार, हॉलचा भाग, भाषा आणि शुल्क हे पाच निर्णय निम्मे झालेले असतात. त्यानंतर तारीख, मग हॉल, मग मुख्य वक्ता. वक्त्याच्या तारखेसाठी सगळं अडवून ठेवणाऱ्या समित्या शेवटी मिळेल तो हॉल घेतात आणि दिवसभर त्याची किंमत मोजतात.

२. तयारीला किती वेळ हवा?

दोनशे माणसांसाठी चार महिने पुरतात, पाचशेसाठी सहा हवेत. लग्नसराईत हॉल हवा असेल तर याहून आधी हालचाल करा. समिती मोठी असेल तर आणखी एक महिना धरा, कारण तो बॅकड्रॉपवर कोणाचा फोटो घ्यायचा यातच जातो.

३. मुंबईत तारीख ठरवताना काय काय बघायचं?

पंचांग, पाऊस आणि कराच्या तारखा, तिन्ही.

जुलै-ऑगस्ट टाळा, कारण प्रश्न २० मध्ये दिलं आहे. गणपतीच्या आठवडाभर आधीपासून कोकणातला माणूस गावी गेलेला असतो आणि अनंत चतुर्दशीला रस्ते विसर्जनाचे असतात. मे महिन्यात सुट्ट्या, जूनमध्ये शाळा. मार्चअखेर तर विचारूच नका. कार्यक्रमात सीए किंवा अकाउंट्सची माणसं हवी असतील तर दर महिन्याची ११ आणि २० तारीखही सोडा. त्या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा आहेत.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि बँक्वेट हॉलवाले तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागतात. उलट साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासात मुहूर्त नसतात. त्यातला नाताळ ते नववर्षाचा आठवडा वगळला तर जानेवारीचा दुसरा आठवडा भाव करायला उत्तम. पितृपक्षातही हॉल रिकामे असतात आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. मात्र त्या पंधरवड्यात उद्घाटन नको म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक संघटनेत असतात. त्यांना पत्रिका छापायच्या आधी विचारा, नंतर नाही.

जागेनुसारही दिवस बघावे लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीमुळे दादर-शिवाजी पार्कात लाखोंचा समुदाय असतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते सकाळी बंद असतात. वानखेडेवर सामना असेल तर संध्याकाळी चर्चगेटला उतरणारा आणि चढणारा दोघेही अडकतात.

४. रविवार ठेवला तर सगळ्यांना सोयीचं नाही का?

ऐकायला सोयीचं वाटतं. पण रविवार हा मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचा दिवस. मध्य आणि हार्बर मार्गावर तो नेहमीचाच, पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉकही बहुधा रविवारीच. डोंबिवलीचा माणूस स्टेशनवर येऊन इंडिकेटर बघतो आणि घरी परततो. शिवाय आठवड्याची एकच सुट्टी तुमच्या भाषणांसाठी द्यायला घरचे तयार नसतात.

माझं मत शनिवारचं. नोकरदार व्यवस्थापक हवे असतील तर गुरुवार किंवा शुक्रवार. कारखानदारांसाठी त्यांच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी विचारा. ती भागाभागानुसार वेगळी असते. बँकेचे अधिकारी वक्ते असतील तर दुसरा आणि चौथा शनिवार त्यांना मोकळा असतो.

५. हॉल कुठे घ्यावा: दक्षिण मुंबई, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) की उपनगर?

नकाशा बाजूला ठेवा आणि रेल्वेचा नकाशा काढा. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरच्या लोकांना सारखंच जवळचं किंवा सारखंच लांबचं असं मुख्य ठिकाण म्हणजे दादर. म्हणून मराठी उद्योजकांच्या बैठका दादर-माटुंगा-प्रभादेवी पट्ट्यात भरतात: शिवाजी पार्कचं सावरकर स्मारक, माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर. नाट्यगृहात खुर्च्या, रंगमंच, ध्वनी हे सगळं तयार मिळतं, पण आरक्षण सत्रांनुसार असतं आणि शनिवार-रविवार नाटकांचे असतात. दिवसभराची परिषद म्हणजे लागोपाठ दोन सत्रं घ्यावी लागतात, आणि जेवणाला जागा कुठे, हा प्रश्न उरतोच.

सरकारी अधिकारी आणि मोठ्या कंपन्यांचे लोक हवे असतील तर नरिमन पॉइंटचं यशवंतराव चव्हाण सेंटर किंवा कफ परेडचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून या भागाचं गणित बदललं आहे. विधान भवन आणि कफ परेड ही स्टेशनं थेट विमानतळाला आणि बीकेसीला जोडली गेली. वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून रिक्षासाठी भांडण्याचा बीकेसीचा जुना त्रासही मेट्रोने कमी केला. तिथलं जिओ वर्ल्ड सेंटर मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदांच्या तोलामोलाचं आहे. दोनशे माणसांच्या संघटनेने तिथे जाऊन बजेट संपवू नये.

स्टॉल आणि यंत्रं असतील तर गोरेगावचं नेस्को प्रदर्शन केंद्र. नवी मुंबई, पनवेल, उरणकडचे आणि गाडीने येणारे पुणेकर असतील तर वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर. पुण्याहून डेक्कन क्वीनने येणारा साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचतो आणि परतीची तीच गाडी संध्याकाळी पाचनंतर लगेच सुटते. पुणेकर बरेच असतील तर दहाला बीजभाषण आणि पाचला समारोप, यातलं त्यांना काहीच मिळत नाही.

६. हॉल बघायला गेल्यावर काय तपासायचं? मॅनेजर तर सगळं होईल म्हणतो.

तो म्हणणारच. तुम्ही सकाळी अकराला, रिकाम्या हॉलमध्ये, एसी बंद असताना बघता. जमलं तर कार्यक्रम सुरू असताना जा आणि शेवटच्या रांगेत दहा मिनिटं बसा. पडदा दिसतो का? मध्ये खांब येतो का? शेजारच्या हॉलमधल्या बारशाचा आवाज येतो का?

क्षमता कशी मोजली आहे ते विचारा. "पाचशे" हा आकडा नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचा असतो. गोल टेबलं टाकली, स्टेज वाढवलं, कॅमेऱ्याला जागा दिली की तोच हॉल अडीचशेचा होतो. जेवण त्याच हॉलमध्ये की वेगळ्या? त्याच हॉलमध्ये असेल तर दुपारच्या सत्रात वक्त्याच्या मागे भांड्यांचा आवाज ठरलेला.

मग कंटाळवाण्या वाटणाऱ्या पण पैसे खाणाऱ्या गोष्टी: आदल्या रात्री हॉलमध्ये लग्न आहे का आणि हॉल रिकामा करणार किती वाजता? डेकोरेटरचा टेम्पो कुठे लागणार? सामानाची लिफ्ट आहे की जिन्याने चढवायचं? साउंड आणि डेकोरेशन बाहेरचं चालतं, की त्यांच्याच ठरलेल्या माणसाकडून घ्यावं लागतं, आणि बाहेरचं आणल्यास दंड किती? जनरेटर एसीसकट चालतो की फक्त दिवे? वेळ संपल्यावर तासाला किती? ही सगळी उत्तरं ईमेलवर मागा. तोंडी "बघून घेऊ" हे बिलात दिसत नाही.

व्हीलचेअरने येणारा माणूस रस्त्यापासून स्टेजपर्यंत कसा जाईल, हे एकदा स्वतः चालून बघा. हॉलमध्ये रॅम्प असतो, स्टेजला बहुधा नसतो.

७. बजेट कसं मांडायचं आणि शुल्क किती ठेवायचं?

खर्च दोन खिशांत विभागा: माणूस वाढला की वाढणारा आणि न वाढणारा. आकडे उदाहरणादाखल घेतो. समजा ताट, दोन वेळचा चहा, बॅज आणि किट मिळून माणशी १,५०० रुपये. हॉल, ध्वनी, पडदा, छपाई, वक्त्यांचा प्रवास, फोटो मिळून ४,००,०००. प्रायोजकांकडून २,५०,०००.

२०० जण आले आणि सगळ्यांनी पैसे भरले, तर एकूण खर्च ७,००,०००. प्रायोजकत्व वजा जाता ४,५०,०००, म्हणजे माणशी २,२५०. समिती हाच आकडा पत्रिकेवर छापते. प्रत्यक्षात १४० पैसे भरतात आणि २० जण वक्ते, पाहुणे, पदाधिकारी म्हणून फुकट जेवतात. मग खर्च ६,४०,०००, भरायचे उरले ३,९०,०००, आणि ते १४० जणांत वाटले की साधारण २,७९०. शुल्क या दुसऱ्या हिशेबावर ठरवा आणि जीएसटी वेगळा दाखवा (प्रश्न १२). वर दहा टक्के किरकोळीसाठी ठेवा. ती किरकोळ कधीच नसते.

लवकर नोंदणीला सवलत जरूर द्या, पण तिची मुदत एकदाही वाढवू नका. वाढवलीत की पुढच्या वर्षी कोणीच लवकर भरत नाही.

८. प्रवेश मोफत ठेवला तर हॉल भरेल ना?

नोंदणी भरेल. हॉलचं सांगता येत नाही, कारण मोफत नोंदणीतले बरेच जण येतच नाहीत आणि न येणाऱ्यांची ताटं मात्र तुम्ही मोजलेली असतात. दोनशे-तीनशे रुपये का होईना, घ्या. अगदीच मोफत ठेवायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करून पक्कं करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे.

९. प्रायोजकाला काय द्यायचं? सगळ्यांना स्टेजवर भाषण हवं असतं.

भाषण सोडून बरंच काही देता येतं. जेवणाचं प्रायोजकत्व, गळ्यातली बॅजची फीत, नोंदणी टेबल, किट बॅग, चार्जिंगची जागा. सर्वात मोलाची वस्तू म्हणजे स्टॉलची जागा, आणि ती चहाच्या टेबलाला लागून असली पाहिजे. चहा हॉलच्या एका टोकाला आणि स्टॉल दुसऱ्या टोकाला ठेवलेत तर संध्याकाळी प्रायोजकाचा चेहरा बघवत नाही. मी चहाची टेबलंच स्टॉलच्या रांगेत मधेमधे लावायला सांगतो.

भाषण द्यायचंच असेल तर पाच मिनिटं, जेवणाआधी नव्हे, आणि ते प्रायोजित आहे हे सूत्रसंचालकाने सांगायचं. मुख्य भाषण विकू नका. सहभागींची यादी मागितली तर प्रश्न २१ बघा.

१०. जेवणात काय ठेवावं आणि किती ताटं सांगावीत?

हॉटेल किंवा केटरर एक किमान आकडा मागतो, त्याला सगळे "गॅरंटी" म्हणतात. आले कमी तरी तेवढ्याचे पैसे लागतात. जास्त आले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तो वाढवून देतो. शुल्क भरलेल्या परिषदेला नोंदणीच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के गॅरंटी मी सांगतो. रिकामी ताटं मोजायला तुमचा एक माणूस सुरुवातीला आणि शेवटी केटररच्या माणसाबरोबर उभा करा. हे आधी सांगितलं तर कोणाला राग येत नाही.

मुंबईत जैन जेवण वेगळं लागतंच: कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं नाहीत, आणि टेबल, डाव, चमचे वेगळे. नुसती पाटी लावून शेजारच्या भाजीतलाच डाव तिथे गेला तर पाटीचा उपयोग शून्य. रात्रीचं जेवण असेल तर सूर्यास्तापूर्वी जेवणारेही असतात. त्यांची सोय पाच-साडेपाचलाच करा. तारीख ठरली की त्या दिवशी एकादशी, संकष्टी किंवा नवरात्र आहे का ते बघून भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी सांगून ठेवा. न सांगितलंत तर उपासाचा माणूस दिवसभर केळ्यावर काढतो आणि वर्षभर ते सांगतो.

रांग ही जेवणाची खरी अडचण. दर शंभर माणसांमागे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं एक टेबल हवं, आणि पाणी रांगेच्या शेवटी नको, बाजूला. जेवणाला पत्रिकेत एक तास लिहा, तुमच्या आतल्या मिनिट टू मिनिट वेळापत्रकात सव्वा तास धरा. आणि जेवण हलकं. श्रीखंड-पुरीनंतर जीएसटीवरचं भाषण ठेवणं हा वक्त्याचा छळ आहे.

उरलेलं अन्न न्यायला रोटी बँकेसारख्या संस्था येतात, पण त्यांना आदल्या दिवशी कळवा. ताटात वाढलेलं नव्हे, भांड्यातलं अस्पर्श अन्नच त्यांना देता येतं.

११. कुठल्या परवानग्या काढाव्या लागतात?

बंद हॉलमध्ये काम सोपं असतं. अग्निसुरक्षेची कागदपत्रं हॉलची असतात. त्यांची प्रत मागून फाइलला लावा. स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, संख्या आणि प्रमुख पाहुणे लिहून पत्र द्या, पोच घ्या. मैदानावर मांडव घालणार असाल तर पालिका, अग्निशमन दल, पोलीस, वाहतूक पोलीस अशी रांग लागते. तिथे महिनाभर आधी सुरुवात करा आणि हे काम नेहमी करणारा डेकोरेटर घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम उघड्या जागेला लागतो; सभागृहाच्या आतल्यापुरत्या ध्वनीला त्यात सूट आहे. मधल्या वेळेत गाणी वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-संगीतासाठी आयपीआरएस, या संस्थांचे परवाने लागू शकतात. हॉलने वर्षाचे घेतले आहेत का, आणि त्यात तुमचा कार्यक्रम बसतो का, ते विचारा. संध्याकाळी मद्य असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना, आणि ड्राय डे तपासून.

रस्त्यावर फलक लावायचे तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची परवानगी. विजेच्या खांबाला बांधलेला फ्लेक्स म्हणजे फोटोसकट स्वतःविरुद्ध पुरावा. थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्या, पेले २०१८ पासून राज्यात बंद आहेत. केटररला लेखी सांगा. ड्रोनने शूटिंगची कल्पना कोणीतरी मांडतोच. मुंबईत विमानतळ आणि पोलिसांचे मनाई आदेश बघता ती तिथेच सोडून द्या.

१२. जीएसटी आणि टीडीएसचं नेमकं काय करायचं?

सीएला विचारा, पण काय विचारायचं ते इथे देतो. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की सेवांसाठी नोंदणी लागते, आणि त्यात सहभाग शुल्काबरोबर प्रायोजकत्वही मोजलं जातं. संघटना किंवा ट्रस्ट आहोत म्हणून आपोआप सूट मिळत नाही. हॉलचं भाडं आणि परिषदेचं शुल्क यांवर १८ टक्के.

प्रायोजकत्वाच्या नियमात १६ जानेवारी २०२५ पासून बदल झाला आहे. आयोजक कंपनीसारखी निगमित संस्था असेल तर तिने स्वतः बिलात जीएसटी लावायचा. आयोजक तशी संस्था नसेल आणि प्रायोजक कंपनी असेल तर कर प्रायोजक भरतो. जुन्या नमुन्यावर बिल काढणारे अजून भेटतात.

बाहेरच्या राज्यातल्या कंपनीने मुंबईतल्या हॉटेलचा हॉल किंवा खोल्या स्वतः घेतल्या तर त्यावर महाराष्ट्राचा कर लागतो. इथे नोंदणी नसेल तर त्या कंपनीला त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळत नाही. बेंगळुरूचे सहआयोजक असतील तर हॉटेलचं बिल कोणाच्या नावाने, हे आधीच ठरवा.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, तुम्हाला लागू असेल तर: वक्त्याचं मानधन वर्षात ५०,००० च्या पुढे गेल्यास १० टक्के, डेकोरेटर, ध्वनीवाला यांच्या एका बिलात ३०,००० किंवा वर्षात एक लाख ओलांडल्यास वैयक्तिक व्यावसायिकाला १ टक्का, कंपनीला २ टक्के. वक्त्याला आमंत्रणातच सांगा की मानधनातून टीडीएस जाईल, आणि पॅन तेव्हाच मागा.

१३. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सगळ्यांचे सत्कार… हे ठेवायचंच का?

ठेवा, पण मोजून. मराठी कार्यक्रमात समई नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. सत्कार मात्र नऊ झाले तर कोणालाच आपला झाला असं वाटत नाही. सगळ्या वक्त्यांना एकत्र, एकदाच, त्यांच्या सत्राच्या शेवटी काहीतरी द्या. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक दिलंत तर वक्ता ते घरी नेतो. गुच्छ खुर्चीखाली राहतो.

समईचं तंत्र आहे. एसीचा झोत थेट स्टेजवर असतो आणि पाच पाहुणे पाच वाती विझताना बघत उभे राहतात. तूप गार हवेत गोठतं, म्हणून तेल घाला. वाती आधी तेलात भिजवून टोकं मोकळी करा आणि त्यांवर चिमूटभर कापराची पूड लावा. तेवढ्या दोन मिनिटांपुरता समोरचा एसी बंद करायला माणूस ठेवा. काही हॉटेलांत उघडी ज्योत चालत नाही. तिथे विजेची समई आणा, पण हे आदल्या दिवशी कळलं पाहिजे.

१४. कार्यक्रम नेहमी तासभर मागे पडतो. वक्ता थांबतच नाही, काय करायचं?

उशीर वक्त्यापासून सुरू होत नाही, उद्घाटनापासून होतो. स्वागत, प्रास्ताविक, अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचं मनोगत, मग पाहुण्यांचा परिचय, आणि तोही दोनदा. उद्घाटन चाळीस मिनिटांत बसवा. मिनिट टू मिनिट कागद तयार करा आणि त्यात स्टेजवर चढायला-उतरायला लागणारा वेळही लिहा.

वक्त्याला आधीच्या फोनवर सांगा: "सर, पंचवीस मिनिटं. पाच उरली की समोरून पाटी दिसेल." पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या मुलीकडे १०, ५, १ असे मोठे कागद द्या. ज्येष्ठ वक्ता त्यानंतरही थांबला नाही तर सूत्रसंचालकाने स्टेजच्या कडेला येऊन नुसतं उभं राहायचं, हसत, हातात माइक घेऊन. हे चालतं. चिठ्ठी पाठवणं चालत नाही. तो ती वाचून दाखवतो.

दहाला सुरू म्हणजे दहाला सुरू, समोर चाळीस डोकी असली तरी. पहिल्या वर्षी लोक चिडतात, दुसऱ्या वर्षी पावणेदहाला येतात.

१५. मराठी स्लाइड हॉलच्या लॅपटॉपवर उघडली तर सगळं गचाळ दिसतं. का?

फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली असते. तो फॉन्ट हॉलच्या लॅपटॉपवर नसतो, मग "आर्थिक नियोजन" च्या जागी रोमन अक्षरांची उलटीसुलटी रांग उमटते. उपाय: स्लाइड युनिकोडमध्ये करा, पीडीएफची एक प्रत सोबत ठेवा, आणि सगळ्यांच्या फाइल आदल्या संध्याकाळपर्यंत एकाच लॅपटॉपवर घेऊन त्याच पडद्यावर उघडून बघा. त्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं नको. कोषाध्यक्षांना आलेला निरोप पाचशे माणसांनी वाचू नये.

माइक: स्टेजवर दोन, प्रश्नोत्तरांसाठी दोन, एक राखीव. दुपारी जेवणाच्या वेळात बॅटऱ्या बदला, संपायची वाट बघू नका. कॉलर माइक मंगळसूत्रावर किंवा जाड जाकिटावर घासला की खरखर येते. लावून झाल्यावर वक्त्याला मान वळवायला सांगून ऐका.

१६. परिषद मराठीत घ्यावी की इंग्रजीत?

प्रश्न १ मध्ये लिहिलेली माणसं आपल्या कारखान्यात कुठल्या भाषेत भाव करतात, त्या भाषेत. मराठी परिषदेत एखादं सत्र हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. त्या वक्त्याची स्लाइड मात्र मराठीत करून घ्या. प्रश्न कुठल्याही भाषेत विचारता येतील असं सूत्रसंचालकाने जाहीर केलं की शेवटच्या रांगेतले हातही वर होतात.

१७. मंत्री येणार आहेत. उशीर झाला तर सगळे ताटकळत बसवायचे का?

नाही. मंत्र्यांचं सत्र सुटं ठेवा, म्हणजे ते अकराला आले काय आणि दीडला आले काय, त्या क्षणी चालू भाषण संपवून वीस मिनिटांत बसवता येईल. बाकी वक्त्यांना हे आधी सांगा. उद्घाटन त्यांच्याच हस्ते व्हायला हवं असा हट्ट असेल तर उद्घाटन जेवणाआधी ठेवा, सकाळी दहाला नको. त्यांच्या कार्यालयात स्वीय सहायकाचा एकच संपर्क ठेवा; समितीतल्या सहा जणांनी फोन केले की सहा वेगवेगळ्या वेळा कळतात.

मोठ्या पदावरचे पाहुणे असतील तर पोलीस श्वानपथकासह हॉल तपासतात आणि त्या वेळी तो रिकामा लागतो. ही वेळ डेकोरेटरच्या आणि नोंदणीच्या वेळेत बसवा. निवडणूक आसपास असेल तर आचारसंहिता लागण्याची शक्यता धरून दुसरा पाहुणा ठरवून ठेवा. त्या काळात मंत्र्यांना सरकारी घोषणा करता येत नाहीत, आणि बहुतेक जण यायचंच टाळतात.

१८. सोबत ऑनलाइनही दाखवावं का?

दाखवायचं असेल तर त्यासाठी वेगळा माणूस, वेगळा आवाज आणि वेगळी इंटरनेट लाइन हवी. हॉलच्या वायफायवर अवलंबून असाल तर करू नका. ध्वनिचित्रमुद्रण करून नंतर पाठवणं स्वस्त पडतं आणि बहुतेकांना पुरतं.

१९. परदेशातून वक्ता बोलवायचा आहे. काय वेगळं लागतं?

व्हिसा पहिला. पर्यटन व्हिसावर येऊन भाषण देणं योग्य नाही. परिषदेसाठी आणि व्यवसायासाठी वेगळ्या श्रेणी आहेत. तुमचं निमंत्रणपत्र लवकर द्या आणि दोन महिने हातात ठेवा. मानधन देणार असाल तर अनिवासी व्यक्तीवरचा टीडीएस, बँकेतून पैसे पाठवण्याआधीचे फॉर्म आणि सेवा आयातीवरचा जीएसटी, हे तिन्ही सीएकडे द्या. विमान कुठल्या विमानतळावर उतरतंय तेही विचारा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, आणि सहारच्या जुन्या विमानतळावर गाडी पाठवून पाहुणा उलव्याच्या नव्या विमानतळावर उभा, हे आता होऊ शकतं.

२०. ऐन दिवशी पाऊस कोसळला आणि लोकल बंद पडल्या तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो टोकाचा दिवस, पण दर पावसाळ्यात एखादा दिवस असा येतोच की शीव-कुर्ल्यात रुळांवर पाणी साचतं. जोरदार पाऊस आणि साडेचार मीटरहून मोठी भरती एकत्र आली की पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही. भरतीचं वेळापत्रक आधीच कळतं. पावसाळ्यात परिषद घ्यावीच लागली तर तारीख त्यावरून तपासा.

निर्णयाच्या दोन वेळा ठरवा. आदल्या रात्री आठ: हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर पुढे ढकलायचं का? आणि सकाळी सहा: गाड्या चालू आहेत का? सहानंतर रद्द करणं म्हणजे निघालेल्या माणसाला वाटेत सोडणं. सकाळी सुरू केलं आणि दुपारी पाऊस वाढला तर जेवणानंतरची सत्रं आखडून तीनला लोकांना सोडा. कर्जत-कसारा, विरारकडच्या लोकांना आधी. स्वयंसेवकांपैकी एक जण फक्त रेल्वेच्या घोषणा बघायला बसवा. हॉलवाल्याबरोबरच्या करारात तारीख बदलण्याची अट असेल तरच हे सगळं परवडतं (प्रश्न २२).

२१. मुख्य प्रायोजक सगळ्यांचे फोन नंबर मागतोय. द्यायचे का?

ज्यांनी होकार दिला त्यांचेच. नोंदणी फॉर्मवर वेगळी खूण ठेवा, "माझा संपर्क प्रायोजकांना दिला तर चालेल", आणि ती आधीपासून केलेली नसावी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले त्याचे नियम, दोन्ही संमतीवरच उभे आहेत. प्रायोजकाबरोबरच्या करारात "सहभागींची यादी" असे दोन शब्द कोणी घालून ठेवले आहेत का, हे सही करण्याआधी वाचा. यादी हवीच असेल तर तो स्टॉलवर ड्रॉ ठेवून कार्डं गोळा करू शकतो. तिथे माणूस स्वतःहून देतो.

२२. परिषद रद्द झाली किंवा कोणी पैसे परत मागितले तर?

नियम फॉर्मवर छापलेला हवा, नंतर सुचलेला नको. मी असं ठेवतो: पंधरा दिवस आधी कळवलं तर किरकोळ वजावट करून परत, त्यानंतर परतावा नाही, पण त्याच शुल्कात दुसरा माणूस पाठवता येईल. कंपन्यांना हा दुसरा भाग फार आवडतो. तुम्ही परिषदच रद्द केलीत तर पूर्ण पैसे परत आणि जीएसटीसाठी क्रेडिट नोट. पुढे ढकललीत तर दोन्ही पर्याय द्या.

हॉलच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: आगाऊ रकमेचं काय, तारीख किती दिवस आधीपर्यंत बदलता येईल, आणि सरकारी आदेश किंवा नैसर्गिक आपत्ती आली तर काय. छापील करारात बहुधा फक्त पहिलीच असते, आणि ती हॉलच्या बाजूने.

२३. डेकोरेटर, ध्वनीवाला यांचे पैसे प्रायोजकाचा चेक आल्यावर दिले तर चालतात का?

त्यांचा आणि प्रायोजकाचा काही संबंध नाही. यांतले बरेच जण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतात. कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे व्याज चढतं. प्रायोजकाकडून निम्मी रक्कम कार्यक्रमाआधी घ्या आणि उरलेल्या रकमेची तारीख पत्रात लिहून घ्या. ध्वनीवाल्याचे, टेम्पोवाल्याचे आणि हॉलच्या वॉचमनचे त्याच रात्री द्या. पुढच्या वर्षी सकाळी सहाला हॉलचं दार त्यालाच उघडायचं असतं.